हॅलो मॅडम

पाटणकर मॅडमना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. रविवारची सकाळ होती आणि मी काळेवाडीतल्या महापालिकेच्या शाळेचा जिना चढत होतो. वरच्या वर्गातून आवाज आला, "नमस्कार, पाटणकर बोलतेय. आपण कोण?" वाक्य साधंच, पण त्या आवाजात असं काही आर्जव होतं की मी जिन्यातच थबकलो आणि मनातल्या मनात माझं नाव सांगून मोकळा झालो. म्हटलं, बाई चांगल्या उंचपुऱ्या, रुबाबदार असणार. वर जाऊन बघतो तर टेबलामागे जेमतेम खांद्यापर्यंत दिसणारी एक ठेंगणी बाई, अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, आणि दोन्ही हातांत एकेक जुना, तार तुटलेला टेलिफोन.

समोर वीस-बावीस पोरं-पोरी बसली होती. त्यातल्या एकाला रिसिव्हर देऊन मॅडम सांगत होत्या, "अरे, कानाला लाव, कानाला. वडापाव धरल्यासारखा काय धरलायस?"

वर्ग हसला. तो मुलगाही हसला. मीही हसलो, आणि मॅडमनी लगेच माझ्याकडे मान वळवली. "तुम्ही नवीन व्हॉलंटियर ना? या. तुमचं काम म्हणजे राँग नंबर व्हायचं."

भोसरीतल्या एका कंपनीत मी डिझाइनचं काम करतो. आमच्या कंपनीनं एका संस्थेबरोबर हा युवा विकास कार्यक्रम सुरू केला होता. बारावी झालेल्या, आयटीआय केलेल्या मुलामुलींना नोकरीसाठी तयार करायचं, म्हणजे मुलाखत कशी द्यायची, चारचौघांत कसं बोलायचं, थोडं कॉम्प्युटर, असा बेत. एचआरची मेल आली, बायको म्हणाली, "रविवारी लोळण्यापेक्षा जा तरी," म्हणून मी गेलो. जाताना वाटत होतं आपण काहीतरी शिकवणार आहोत. प्रत्यक्षात पहिला महिनाभर मी राँग नंबर होतो. दोन बाकं पाठीला पाठ लावून ठेवायची, एका बाकावर मी, दुसऱ्यावर एखादा मुलगा. मी तुटक्या फोनवर वाटेल ते बरळायचं, चिडायचं, नको तिथे फोन ठेवायचा, आणि त्यानं न चिडता मला हवं ते नीट विचारून घ्यायचं. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर लाजरी पोरंही भडाभडा बोलायची. ही सगळी मॅडमचीच युक्ती.

मॅडम पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तीच खुर्ची, तोच हेडफोन. लग्न केलं नाही. संत तुकाराम नगरात दोन खोल्यांचं घर, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. कारखान्यातली माणसं त्यांना चेहऱ्यानं फारशी ठाऊक नव्हती, आवाजानं मात्र सगळी ठाऊक होती. एकदा त्यांच्याबरोबर मी पिंपरीच्या मंडईत गेलो होतो. मागे कोणीतरी कोथिंबिरीवरून घासाघीस करत होतं. मॅडम वळल्यासुद्धा नाहीत. तशाच म्हणाल्या, "पेंटशॉपचे कदम ना हो?" मागचे गृहस्थ दचकून जुडी टाकून उभेच राहिले. आयुष्यभर एकमेकांशी बोललेली ती दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना बघत होती. कदम म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही बऱ्याच उंच असाल." मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनाच वाटतं. आणि तुम्ही मला बारीक वाटायचात."

मुलांनी त्यांचं नाव हॅलो मॅडम ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या पर्समध्ये आलेपाकाच्या वड्यांचा डबा असायचा. कोणाला बोलायला उभं करायच्या आधी त्याच्या तोंडात एक वडी जायची. "घशाला बरी असते," म्हणायच्या. मला वाटतं, वडी चघळून संपेपर्यंत मुलाला विचार करायला वेळ मिळावा, हा खरा हेतू. घाईनं बोलणाऱ्याला सांगायच्या, "लाइन कुठे पळून जात नाहीये." कोणी पुटपुटलं की म्हणायच्या, "हे तू स्वतःला सांगितलंस. आता मला सांग."

कार्यक्रमाचा समन्वयक होता समीर. मनानं चांगला, पण प्रत्येक वाक्यात इम्पॅक्ट. त्याचं आणि मॅडमचं पहिलं वाजलं ते ज्ञानेश्वरवरून.

ज्ञानेश्वर परभणीकडचा. चुलत्याच्या खोलीवर राहायचा, एका वर्कशॉपमध्ये रोजावर जायचा. पोरगा हुशार, पण वर्गात तोंड म्हणून उघडायचा नाही. मॅडमनी वडी दिली, वडी संपली, तरी गप्प. शेवटी त्याला पाठीला पाठ लावून बसवलं आणि मॅडम स्वतः दुसऱ्या बाकावर बसल्या.

"हं. बोल. काय झालंय?"

मग मागून आवाज आला, "मॅडम, म्या बोललो की लोकं हासायलेत."

"कोण हसलं?"

"इंटरव्ह्यूला गेल्तो. तिथला सायेब हासला. म्हणला, तू कुठून आलायस रे."

समीर तिथेच होता. तो समजुतीनं म्हणाला, "मॅडम, म्हणूनच मी म्हणतो, आपण आधी यांचे उच्चार सुधारून घेऊ. जरा न्यूट्रल मराठी—"

"समीर," मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तो काय म्हणाला ते तुला कळलं का?"

"कळलं ना."

"सगळं?"

"हो, सगळं."

"मग सुधारायचं काय? तुझे कान?"

समीरचा चेहरा पडला. पण मॅडमना माणूस दुखावून ठेवायची सवय नव्हती. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला दोन वड्या दिल्या आणि जवळ बसवून म्हणाल्या, "अरे, आमच्या बोर्डावर लातूर, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडून फोन यायचे. माणूस आपल्या बोलीत बोलत असला की खरं बोलतो. उसनं बोलायला लागला की निम्मं लक्ष शब्दांकडेच जातं." पुढचे कित्येक रविवार त्यांनी ज्ञानेश्वरकडून एकच गोष्ट करून घेतली. आपलंच बोलायचं, पण सावकाश आणि शेवटपर्यंत. तो पुढच्या मुलाखतीतही नापास झाला. त्याच्या पुढच्या वेळी मात्र त्याला चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम मिळालं. तिथं ट्रक कुठवर आलाय हे दिवसभर ड्रायव्हरांना फोन करून विचारायचं असायचं. निम्मे ड्रायव्हर त्याच्याच मुलखातले निघाले. त्याचा आवाज ऐकला की ते आधी गावचं हवापाणी विचारायचे आणि मग ट्रकचं खरं ठिकाण सांगायचे. त्याचा साहेब चकित. ज्ञानेश्वर वर्गात येऊन सांगायचा, "मॅडम, दुसऱ्याला इचारलं तर म्हणतेत, पोचलोच. मला खरं सांगायलेत, की अजून जेवायलोय."

दुसरी आठवण रूपालीची. खरं तर रूपालीच्या वडिलांची.

रूपालीनं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. चाकणच्या एका कारखान्यात तिची अप्रेंटिस म्हणून निवड झाली आणि घरात वादळ उठलं. वडील पोपटराव जुन्या गावठाणातले, पिठाची गिरणी चालवायचे. पहिल्या शिफ्टची बस पहाटे यायची. पोपटराव म्हणाले, न्हाई. रूपाली वर्गात येऊन रडली. समीर म्हणाला, आपण काउन्सेलिंग ठेवू. मॅडम म्हणाल्या, "माझं दळण संपलंच आहे," आणि ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेल्या. डबा उचलायला मी बरोबर होतो.

गिरणी घरघरत होती. पोपटराव पिठानं पांढरे झालेले. त्यांनी खुणेनंच विचारलं, बारीक का जाड? मॅडमनी खुणेनं सांगितलं, मध्यम. मग त्या तिथल्या पोत्यावर बसल्या. दळण झालं तरी उठेनात. मी हळूच म्हटलं, "मॅडम, विषय काढताय ना?"

"या आवाजावर मी ओरडायची? छे. थांबू."

आम्ही थांबलो. लोक आले, दळण घेऊन गेले. केव्हातरी वीज गेली, पट्टा फट्‌ फट्‌ करत थांबला आणि एकदम शांतता पसरली. त्या शांततेत मॅडमचा तो आवाज आला, "पोपटराव, मी रूपालीची मॅडम. तुम्हाला कसली भीती वाटते, तेवढं फक्त सांगा. मी वाद घालायला आलेले नाही."

पोपटराव बराच वेळ उपरण्यानं तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय, मला काय ठावं न्हाई व्हय? पण कुठली बस, कुठला रस्ता, कोण माणसं, आमी कधी बघितलं न्हाई. न बघता लेकीला कसं धाडू?"

"मग बघू या की."

"आँ?"

"तुम्ही आणि मी. त्याच बसनं जाऊ, बघू, परत येऊ."

कंपनीच्या बसमधून बाहेरच्या माणसांना नेत नाहीत, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी चाकणच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "पालकांना आणायची आमच्याकडे पद्धत नाही हो." मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी कधीतरी पहिल्यांदाच करतं ना. पोपटरावांपासून सुरू करा." पलीकडून हसण्याचा आवाज आला. परवानगी मिळाली. मॅडमच्या आवाजाला नाही म्हणणं अवघड होतं, एवढंच त्याचं स्पष्टीकरण मी देऊ शकतो.

मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो, कारण हा प्रवास चुकवणं शक्यच नव्हतं. पोपटराव लग्नाला निघाल्यासारखे कडक टोपी घालून आले होते. बसमध्ये ताठ बसले. चारपाच स्टॉपनंतर बस मुलींनी निम्मी भरली. कोणी ओढणी तोंडावर घेऊन झोपली, कोणी केस विंचरत होती, एक फोनवर आईशी भांडत होती. मोशीच्या पुढे ट्रक, कंटेनर, सगळं जागच्या जागी उभं राहिलं. पोपटरावांनी विचारलं, "हे रोजचंच हाय?" मागून एक मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "काका, आज तर मोकळं आहे." पोपटराव पहिल्यांदा हसले. मग त्यांनी त्या मुलीला गाव विचारलं, आईबाप विचारले, पगार सोडून सगळं विचारलं. बस चाकणला पोचेपर्यंत त्यांनी निम्म्या बसची सोयरीक काढली होती.

कारखान्यात त्या अधिकारी बाईंनी सगळं दाखवलं. गेटवरची नोंद, मुलींची विश्रांतीची खोली, रूपाली जिथे काम करणार ते पॅनेल. पोपटराव हात मागे बांधून, मान हलवत चालले होते. शेवटी कँटीनमध्ये जेवायला बसवलं. त्यांनी चपातीचा तुकडा मोडला, बोटांत चोळला, तोंडात टाकला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर नापसंती उमटली. आम्ही धास्तावलो.

परत येताना ते वाटेवरचे स्टॉप मोजत होते. काळेवाडीच्या कोपऱ्यावर उतरले तेव्हा मॅडमना म्हणाले, "पोरीला पाठवतो, बाई. माणसं बरी हायेत. पण पीठ लई जाड दळत्यात. डबा घरनंच न्हेल ती."

मॅडम तिथेच फुटपाथवर उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या ठसक्याकडे तेव्हा कोणीच लक्ष दिलं नाही.

पुढच्या काही आठवड्यांत त्यांचा आवाज बसायला लागला. काळेवाडीचा रस्ता खणलेला होता, आम्ही म्हटलं धुळीनं असेल. वड्या वाढल्या, हळदीचं दूध झालं. मग डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. साधी होती, पण काढायला हवी. ऑपरेशननंतर काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, आणि आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकताना मी शेजारीच होतो. मॅडमनी फक्त एकच प्रश्न विचारला, "पण येईल ना, कसला तरी?"

ऑपरेशन झालं. रूपाली तिच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाक करायची. एकदा मीही गेलो होतो. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, हात मांडीवर. एवढ्यात टीपॉयवरचा त्यांचा फोन वाजला. त्यांचा हात सवयीनं पुढे गेला, फोन उचललाही, आणि तसाच थांबला. फोन हातात वाजतोय आणि त्या त्याच्याकडे नुसत्या बघताहेत. जन्मभर दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उत्तर देणारी बाई.

रूपाली हात पुसत आतून आली, त्यांच्या हातून फोन घेतला, पाठ ताठ केली, एक क्षण थांबली आणि म्हणाली, "नमस्कार, पाटणकरांकडून बोलतेय. आपण कोण?"

तेच आर्जव, तीच लय. 'आपण कोण'मधला तो किंचित वर जाणारा सूरसुद्धा. मॅडमनी मान वर केली. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडताहेत. मग कळलं, हसताहेत, बिनआवाजाचं. आणि मग हसता हसता खरंच डोळ्यांना पाणी आलं. फोन गॅसवाल्याचा होता. रूपालीनं त्याला इतक्या अदबीनं सिलिंडर मागितला की तो संध्याकाळी स्वतः घेऊन आला.

त्याच रविवारी मॅडम न बोलता वर्गावर हजर. आम्ही नको म्हणत होतो, त्यांनी हातानंच आम्हाला गप्प केलं. मुलं बोलायची, त्या ऐकायच्या. चेहऱ्यावर सगळं दिसायचं. भुवई वर गेली की मुलगा आपणहून सावकाश बोलायचा. समीर मला म्हणाला, "राव, त्या बोलत नाहीत तरी ही पोरं त्यांचं कसं ऐकतात?" त्या दिवशी त्यानं इम्पॅक्ट हा शब्द एकदाही वापरला नाही.

मौन सुटलं तेव्हा नवी तुकडी आलेली होती. जुनी मुलंही मुद्दाम जमली. ज्ञानेश्वर चाकणहून सुट्टी काढून आला होता. मॅडम टेबलापाशी उभ्या राहिल्या, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "नमस्कार."

तो आवाज त्यांचा नव्हता. जाडाभरडा, फाटका, मध्येच हवा निसटणारा. मागच्या बाकावरच्या दोघातिघा नव्या पोरांना हसू फुटलं. त्यांना काय माहीत? ज्ञानेश्वर ताडकन उठला. "कामून हासायले रे? कोण हासलं?"

"ज्ञानेश्वर, बस." मॅडमनी त्याला खाली बसवलं. "हसू दे. काल आरशासमोर बोलून बघितलं तेव्हा मला पण आलं." मग थांबून, श्वास घेऊन म्हणाल्या, "आता एक अडचण आहे. माझा आवाज मागपर्यंत पोचायचा नाही. माझं ऐकायचं असेल तर पुढे यावं लागेल."

मग त्या हसलेल्या पोरांनीच पहिल्यांदा आपलं बाक उचललं. मग सगळ्यांनी. फरशीवर बाकं ओढल्याचा तो कर्कश आवाज, धूळ, "ए, पाय", "सरक की भावा", आणि दोन मिनिटांत सगळा वर्ग मॅडमच्या टेबलाला चिकटून बसला. त्यांना मागे सरकायलाही जागा उरली नाही.

त्यानंतर पुढची दोन वर्षं हा वर्ग असाच भरत राहिला. नव्या मुलांना वाटायचं बाकं अशीच मांडायची पद्धत आहे.

मग चिपळूणच्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले आणि तिला एकटीला करमेना, म्हणून मॅडमनी तिकडे राहायला जायचं ठरवलं. आम्ही वल्लभनगरच्या स्टँडवर पोचवायला गेलो. सामान सगळ्यांनी मिळून चढवलं. पोपटरावांनी पिठाची मोठी पिशवी आणली होती. "कोकणात भातच खातात," मी म्हटलं. ते म्हणाले, "म्हणून तर." समीर भाषण करायच्या बेतात होता, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली.

बस मागे सरकायला लागली. आम्ही सगळे खिडकीखाली हात वर करून उभे होतो. रूपालीनं "मॅडम!" अशी हाक मारली, ज्ञानेश्वरनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मॅडमनी बघितलं नाही. त्यांच्या शेजारच्या सीटवर एक मुलगी बसली होती, मांडीवर सॅक घट्ट धरून, तोंड पाडून. कुठून तरी नाराज होऊन निघालेली दिसत होती. मॅडम आमच्याकडे पाठ करून पूर्ण तिच्याकडे वळल्या होत्या आणि काहीतरी विचारत होत्या. बस फाटकाशी वळली तेव्हा मला एवढंच दिसलं, की त्या मुलीनं काय म्हणाल्या ते कळावं म्हणून आपला कान त्यांच्या तोंडाजवळ नेला होता.